हजेरीच्या वहीतली माणसं

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव आजही चालतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात इथे तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, कंजारभाट, छप्परबंद अशा जातींची बिऱ्हाडं होती. दिवसा ही माणसं कापडगिरण्यांत राबायची. पाळी सुटली की परत कुंपणात यायचं, हजेरीला उभं राहायचं, नाव पुकारलं की ओ द्यायची. बाहेरगावी जायचं तर पास घ्यायचा. त्यावर कुठे जाणार आणि कधी परतणार याची नोंद असायची. पासाची मुदत उलटून गेली की तोच गुन्हा. यातल्या कित्येकांनी आयुष्यात कुणाची सुईसुद्धा उचलली नव्हती. ते कुंपणात होते, कारण ज्या जातीत त्यांचा जन्म झाला ती जात सरकारी राजपत्रात ‘गुन्हेगार’ म्हणून छापून आली होती.

त्यांच्यातल्या काहींनी चोऱ्या केल्या होत्या, हेही खरं. बाजारात खिसे कापले होते, रात्री खळी लुटली होती, आगगाडीतून गाठोडी पळवली होती. हे लपवून त्यांचा इतिहास सांगता येत नाही आणि त्यांनी स्वतःही तो तसा सांगितलेला नाही. पण ज्यांनी चोरी केली त्यांच्यावर आधी काय काय गुदरलं होतं, आणि ज्यांनी केली नाही त्यांच्यावर नंतर काय गुदरलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. पोलीस ठाण्याच्या कागदावर फिर्यादी वेगळा आणि आरोपी वेगळा असतो. एकच माणूस दोन्ही असू शकतो, हे त्या कागदाला मान्य नसतं.

गुन्हेशास्त्राला ही गोष्ट उशिरा उमगली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या हान्स फॉन हेंटिग यांनी १९४८ साली गुन्हेगार आणि त्याचा बळी यांच्यातल्या नात्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला. पुढे १९५८ साली मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे एक चतुर्थांश प्रकरणांत, जो मेला त्यानेच पहिल्यांदा हात उगारला होता किंवा शस्त्र काढलं होतं. मारणारे आणि मरणारे एकाच गल्लीतले, एकाच परिस्थितीतले लोक होते. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत हेच दिसत आलं आहे की गुन्ह्याचा मार खाल्लेली आणि गुन्हा केलेली माणसं पुष्कळदा तीच असतात. महाराष्ट्रात मात्र हे समजण्यासाठी फिलाडेल्फियाला जाण्याची गरज नव्हती. पुरंदरच्या पायथ्याशी गेलं तरी पुरे होतं.

मराठेशाहीत गावाची रात्र रामोशाच्या हवाली असे. तो गावाचा राखणदार. रात्री गस्त घालायची, आल्यागेल्यावर नजर ठेवायची, पाटलाला वर्दी द्यायची, आणि या कामासाठी गावाकडून बलुत्यासारखा धान्याचा वाटा घ्यायचा. चोरी झालीच तर माग काढणं त्याच्याच गळ्यात पडे. मातीत उमटलेल्या पावलांवरून तो चोराच्या मागे निघायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की तिथल्या राखणदाराने तो पुढे न्यायचा. माग आपल्याच शिवेत हरवला तर चोरीची भरपाई त्याने करायची, निदान तिचा भाग उचलायचा. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये नव्या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यात भिल्ल-रामोशांच्या या गावपोलिसीचं वर्णन येतं. चोरांचे रस्ते ठाऊक असलेल्या माणसाच्या हातात रखवाली देण्यात त्या काळच्या गावाला काही गैर वाटत नव्हतं. रखवालदाराचं पोट भरलेलं ठेवणं ही गावाची जबाबदारी होती, आणि गावाची झोप ही रखवालदाराची.

हा करार आधी पेशव्यांनीच मोडायला घेतला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरच्या पहाऱ्यावरून रामोशी हटवले गेले. १८१८ मध्ये कंपनी सरकार आलं, किल्ल्यांची शिबंदी उठली, पिढीजात हक्कांवर कात्री आली. ज्यांचं कामच रात्री जागायचं होतं ती माणसं अचानक बिनकामाची झाली. रात्र मात्र त्यांच्या ओळखीची राहिली.

पुरंदरजवळच्या भिवडीचा उमाजी नाईक हा या मोडलेल्या कराराचाच मुलगा. १७९१ सालचा त्याचा जन्म. दरोड्याच्या आरोपात तो तुरुंगात गेला आणि तिथे लिहाय-वाचायला शिकला, असं सांगतात. सुटल्यावर त्याने टोळी बांधली, सावकार आणि सरकारी खजिने लुटले. पकडता येईना तेव्हा कंपनीने त्याला माफी देऊन चक्क आपल्या नोकरीत घेतलं. दरोडेखोराच्या हाती पुन्हा बंदोबस्त दिला; जुन्या गावकऱ्यांना जे कळत होतं ते साहेबालाही काही काळ कळलं. पण ते टिकलं नाही. उमाजी पुन्हा डोंगरात गेला, १८३१ मध्ये त्याने इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जुन्या साथीदारांच्या फितुरीने धरला गेला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी दिली. त्याला पकडण्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढच्याच वर्षी रामोशांवर एक पुस्तक छापलं. ज्याचा पाठलाग केला त्याच्या जमातीचा इतिहास लिहिण्याइतकी उत्सुकता त्याला वाटली, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

सत्तेचाळीस वर्षांनी वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारलं तेव्हा त्यांच्या हाताशी रामोशीच आले. मधे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता आणि दख्खनची गावं रिकामी पडली होती. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर भागातल्या धामारीवर छापा पडला तो याच माणसांच्या बळावर. फडके एडनच्या तुरुंगात १८८३ साली वारले आणि आद्य क्रांतिकारक ठरले. उमाजीलाही महाराष्ट्राने उशिरा का होईना, आद्य क्रांतिवीर म्हटलं. त्यांच्याबरोबर धावलेल्या बिननावाच्या रामोशांच्या वाट्याला काय आलं? त्यांच्या नातवंडांची नावं गुन्हेगार जमातींच्या यादीत गेली.

त्या यादीची मुळं उत्तर हिंदुस्थानात होती. १८३६ मध्ये ठगांविरुद्ध जो कायदा झाला त्याने एक नवीन गोष्ट रुजवली होती: अमुक एक कृत्य सिद्ध झालं नाही तरी चालेल, माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढं ठरलं की जन्मठेप. पस्तीस वर्षांनी हेच सूत्र टोळीवरून जातीवर आलं. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकिर्दीतलं हे काम. मांडणी अशी होती की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार. जातिव्यवस्थेचं इतकं वरवरचं वाचन करून इतका दूरगामी कायदा क्वचितच कुणी केला असेल.

या कायद्यात प्रांतिक सरकारला एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित करता येई, आणि त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीतल्या माणसांची नावं दंडाधिकाऱ्याच्या नोंदवहीत चढायची. हजेरी चुकवणं, पास न घेता हलणं, यासाठी कैद, दंड किंवा फटके. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आई-बापांपासून वेगळं ठेवण्याची वाट मोकळी केली आणि पुन्हा गुन्हा करणाऱ्यांच्या शिक्षा जबर वाढवल्या. तिसऱ्या खेपेला जन्मठेपेचं काळं पाणी. कायदा सुरुवातीला उत्तरेपुरता होता. १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, मुंबई इलाख्यातही आला आणि येताना बोटांचे ठसे घेऊन आला. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून तो पक्का झाला.

ज्या जातींवर हा शिक्का बसला त्यांच्याकडे एकदा नीट पाहावं. बंजारे बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य देशभर वाहायचे. पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्याही फौजा त्यांच्या पुरवठ्यावर जगल्या. कैकाडी टोपल्या, कणगे विणायचे आणि गाढवांवर माल न्यायचे. वडार दगड फोडायचे. टकारी जात्यांना टाकी लावायचे. छप्परबंद छपरं शाकारायचे. पारधी फास लावून तितर-लावे धरायचे, रानातली जडीबुटी विकायचे, संस्थानिकांच्या शिकारीत पुढे असायचे. ही सगळी फिरस्ती माणसं. गावाला त्यांची गरज वर्षातून काही दिवस लागायची, तेवढ्या दिवसांपुरती गाव त्यांची वाटही पाहायचं.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि सात वर्षांत लोहमार्ग सोलापूरला पोचला. बैलांच्या तांड्याला आता कोण विचारणार? मिठावर कर चढला, त्याचा व्यापार सरकारी नियमांत अडकला. १८७८ च्या वनकायद्याने रान बंद केलं. चराई, लाकूड, शिकार, सगळ्याला परवाना. छपराच्या जागी कौलं आणि पुढे पत्रे आले. जात्याच्या जागी गिरणी आली. पंचवीस-तीस वर्षांच्या आत या जातींच्या हातातली कामं एकामागून एक गेली, आणि त्या काळात कुणी त्यांना दुसरं काम दिलं नाही. त्यावर दुष्काळ. याच वर्षांत या माणसांच्या चोऱ्या सरकारला ‘वंशपरंपरागत’ वाटू लागल्या.

मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी यांनी १९०८ साली इलाख्यातल्या गुन्हेगार जातींवर मार्गदर्शक ग्रंथ छापला. कोणती जात कसे कपडे घालते, बायका कोणते दागिने वापरतात, आपसात कोणती बोली बोलतात, चोरीची रीत कोणती, माल कुठे लपवतात: सगळं जातवार. शिपायाने हे वाचावं आणि रस्त्यावरच्या माणसाला ओळखावं, हा हेतू. पुस्तकात निरीक्षण भरपूर आहे. पण त्या जातींवर कुणी दरोडा घातला, त्यांच्या बाईवर कुणी हात टाकला, त्यांची मजुरी कुणी बुडवली, तर शिपायाने काय करावं हे सांगण्यासाठी ते पुस्तक लिहिलेलं नव्हतं.

इलाख्यातल्या वसाहतींची सुरुवात विजापूरकडे झाली. ओ. एच. बी. स्टार्ट हा सनदी अधिकारी या कामाचा कर्ता. पुढे हुबळी, गदग, बारामती, सोलापूर अशी साखळी झाली. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. स्टार्ट दुष्ट माणूस नव्हता. शाळा काढा, सुतारकाम शिकवा, नियमित मजुरी द्या म्हणजे चोरी सुटेल, असं त्याला मनापासून वाटे. दलित आणि आदिवासींच्या स्थितीवर मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि त्याच्या शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य म्हणून बसले होते. पण चांगल्या हेतूने घातलेलं कुंपणही कुंपणच असतं. सोलापुरात १८७७ पासून कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, सगळ्यांना माणसं हवी होती. पासाशिवाय गाव सोडता न येणारा मजूर मालकाला किती सोयीचा, हे सांगायला नको. रोजगार मिळाला, पोरं शिकली, हे नाकारता येत नाही. आणि हा रोजगार सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, हेही नाकारता येत नाही.

खरा जाच मात्र वसाहतीच्या बाहेर, खेड्यात होता. तिथे हजेरीची वही पाटलाकडे. रात्री चावडीवर येऊन झोपायचं, पहाटे उठून जायचं. पाटलाची सही नसेल तर परगावच्या लग्नाला जाता येत नाही, बाजाराला जाता येत नाही, आजारी बहिणीकडे जाता येत नाही. सही हवी तर कोंबडं द्या, वेठीला या, शेतात फुकट राबा. सुगीच्या दिवसांत मजुरी शोधायला दहा कोस जावं लागतं आणि हजेरी मात्र रोजची. कामाला गेला तर कायदा मोडतो, हजेरीला थांबला तर चूल पेटत नाही. अशा माणसाने रात्री कुणाच्या शेतातली कणसं मोडली तर तो गुन्हा त्याच्या रक्तातून आला की त्या वहीतून?

यात आणखी एक भागीदार असे, ज्याचं नाव कोणत्याही यादीत नाही. चोरीचा माल चोर खात नाही. तो विकावा लागतो, आणि शिक्का बसलेल्या माणसाकडून माल उघडपणे कोण घेणार? मग तो मातीमोल भावात प्रतिष्ठित घरात जातो. सोनं वितळवणारा हात गावात मानाचा असतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनात हे सगळं आहे: पोलिसांचा मार, पोलिसांचा वाटा, चोरी करायला गेलेली माणसं परत येतात की नाही याची घरात बसलेली धास्ती. गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. १९८७ साली आलेल्या या पुस्तकाला दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ मध्ये तोच सन्मान मिळाला होता, आणि भीमराव गस्तींच्या ‘बेरड’ने बेळगावकडच्या बेरडांची कथा मराठीत आणली. या पुस्तकांचं सामर्थ्य असं की त्यांतला माणूस स्वतःला निर्दोष म्हणवून घेत नाही. घरात चोरी होती हे तो सांगतो, त्या घराला कोण लुटत होतं हेही सांगतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो. पोलिसांच्या कागदाला जे जमलं नाही ते मराठी आत्मकथनाने करून दाखवलं.

एका राजालाही या दोन्ही बाजू दिसल्या होत्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये या जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी नुसतं मोकळं सोडलं नाही, तर त्यांना आपल्याजवळ पहाऱ्याच्या आणि इतर नोकऱ्या दिल्या. ज्यांच्यापासून राज्य राखायचं असं इंग्रज सांगत होते त्यांच्याच हाती महाराजांनी स्वतःची राखण सोपवली. पुरंदरच्या रामोशांशी जो करार मोडला होता तो शंभर वर्षांनी कोल्हापुरात पुन्हा जोडला गेला. शेजारच्या ब्रिटिश मुलखात मात्र त्याच जातींसाठी नवीन वसाहती उभ्या राहत होत्या.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. विमुक्त झालेले लोक तोच दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. बाकी देशापेक्षा त्यांचं स्वातंत्र्य पाच वर्षांनी धाकटं आहे. पण कायदा गेला तरी त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. त्यात जातीचं नाव नव्हतं, व्यक्तीच्या शिक्षांवर भर होता. तरी ठाण्यातला अंमलदार तोच, त्याच्या वरिष्ठाने शिकवलेली यादी तीच. त्याच वर्षीच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ करून जगणाऱ्यांनाही पकडीत आणलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याची उरलीसुरली शिकार गुन्हा झाली. रानं आणि पाखरं वाचवायला हा कायदा हवाच होता. पण फास काढून घेताना त्याच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा खेडिया शबर जमातीचा माणूस पोलीस आणि तुरुंग कोठडीच्या फेऱ्यात मरण पावला. लेखिका महाश्वेता देवींनी तो प्रश्न धसाला लावला, कोलकाता उच्च न्यायालयाने तपास आणि भरपाईचे आदेश दिले. अहमदाबादच्या छारानगरमधल्या तरुणांनी त्याच्या नावाने ‘बुधन थिएटर’ सुरू केलं. हे छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचे भाऊबंद. महाश्वेता देवी, भाषाभ्यासक गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी गट उभा केला तो याच वर्षी. आणि याच वर्षी बारामती परिसरातला एक पारधी पोलिसांच्या मारहाणीत मेला. संशय चोरीचा होता.

महाराष्ट्रातल्या पारधी वस्तीत हे नवीन नाही. गावात दरोडा पडला की पहिली गाडी पालांवर जाते. तरुण पळून जातात, कारण सापडलं तर मार ठरलेला. आणि पळाले म्हणून संशय पक्का होतो. गायरानात घातलेली पालं जाळली गेली तर फिर्याद द्यायला तेच ठाणं, जिथे आदल्या महिन्यात उलटं टांगलं होतं. मग फिर्याद दिली जात नाही. फिर्याद नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रकल्प असो, की अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने भीक मागणाऱ्या मुलांसाठी काढलेली ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा असो, या सगळ्या कामांना पहिली झुंज याच भीतीशी द्यावी लागली.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षेसाठी आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नव्हती, कोणताही पुरावा नव्हता. अनोळखी, फिरस्ते, अंगावर वेगळा वेश: एवढ्यावर निकाल झाला. १८७१ च्या कायद्याने जे राजपत्रात छापलं होतं ते दीडशे वर्षांनी गावच्या बाजारात जसंच्या तसं शिल्लक होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताला सराईत गुन्हेगार कायदा रद्द करायला सांगितलं. सोलापूरच्याच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये, आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने दहा वर्षांनी, अहवाल दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी अजून होत्या. त्या घटनाबाह्य ठरल्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला गेला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होणार नाही याची काळजी पोलिसांवर टाकली गेली.

आरोपीच्या बाजूची चूक अशी थोडी थोडी दुरुस्त होते आहे. फिर्यादीची बाजू मात्र अजून कोरीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, स्त्रिया, मुलं, वृद्ध यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांची स्वतंत्र प्रकरणं असतात; विमुक्त-भटक्यांचं प्रकरण नसतं. महाराष्ट्रातल्या चौदा विमुक्त जमातींपैकी बहुतेकांना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण नाही, कारण त्या अनुसूचित जाती-जमातींच्या यादीत नाहीत. राईनपाड्यात मारले गेलेले डवरी गोसावीही त्या यादीत नव्हते. कैकाड्यांची स्थिती तर अशी की विदर्भातल्या जिल्ह्यांत ते अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. नागपूरच्या एखाद्या कैकाड्याला त्याच्या जातीवरून झोडपलं तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा होतो. ज्या सोलापुरात कैकाड्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं तिथल्या कैकाड्याला झोडपलं तर ती साधी मारहाण ठरते. हा भेद संसदेला एका दुरुस्तीने मिटवता येईल, आणि तशी दुरुस्ती होण्याची मागणी महाराष्ट्राने लावून धरली पाहिजे.